पाटी क्रमांक एकतीस

पुएर्तो गारिबे नगरपालिकेत मी पाट्या लावतो.
निळी घराला, हिरवी झाडाला.
यंदा चाळीस मंजूर झाल्या,
ड्रिल मात्र तेच जुनं, ज्याची बॅटरी
अर्ध्या तासात मान टाकते.

घरांचं सोपं असतं.
भिंतीला कान असतात, तोंड नसतं.
जकातघर, बंद पडलेला साबणाचा कारखाना,
तीन महापौरांची दाढी जिथे झाली म्हणे
त्या न्हाव्याची चौकट:
चार भोकं, चार स्क्रू, वरून फडकं,
आणि ऑफिसला फोटो.

झाडांना नियम आहेत.
बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजावा.
कोणाच्या छातीच्या, ते लिहिलेलं नाही;
मी माझ्या धरतो, मदतनीस फाउस्तो ठेंगणा आहे.
वय शंभराच्या वर हवं. कागद हवा.
सांगोवांगी चालणार नाही,
असं ओफेलिया त्राबेर्सो बाईंनी
फायलीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय.

एकतीस नंबर म्हणजे धक्क्याजवळचा ओंबू.
पाटीवरचा मजकूर:
‘या वृक्षाच्या छायेत जनरलसाहेबांनी
स्वारीवर जाताना एक रात्र विश्रांती घेतली.’
कोणते जनरल, ते ठसठशीत छापलंय.
मी सांगत नाही. त्यांच्या नावाने आमच्याकडे
एक चौक आहे, एक बँक, आणि एक गोड पाव.

ओंबू हे तसं झाडच नव्हे म्हणतात,
माजलेलं गवत. आत धड वलयं नाहीत,
वय मोजायची सोय नाही.
नीट जळत नाही, फळी निघत नाही,
कुऱ्हाडीलाच कंटाळा यावा असं
ओलं, भुसभुशीत अंग.
म्हणून तर उरलं.

बाकासारख्या वर आलेल्या त्याच्या मुळांवर
देल्मिरा ओखेदा चिपा विकत बसते,
टोपलीत गरम पाव, वर पांढरा रुमाल.
मी शिडी टेकवली तेव्हा म्हणाली,
“जनरल झोपला असेल तर उन्हात झोपला.
हे माझ्या आईने लावलंय.
चर्चच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं, त्या पुरानंतर.
पलीकडच्या काठावरून रोप आणलं, चरबीच्या डब्यातून.
बापाने पुढे त्यात कडी ठोकली, होडी बांधायला.”

कुठे आहे कडी?

“गिळली त्याने,” म्हणाली,
नातवाने बटण गिळल्याचं सांगावं तशी.

आणि कागद?
तिने माझ्या हातावर एक चिपा ठेवला.

मी ड्रिल लावलं.
आधी पाणी आलं, मग पांढरट लगदा.
लोण्यात बोट जावं तसं आत, आणखी आत,
आणि चार बोटांवर: खण्ण.
फाउस्तोने माझ्याकडे पाहिलं.
पुन्हा लावलं. पुन्हा खण्ण.
टोकाला गंजाची तांबडी भुकटी.
देल्मिरा सुट्टे पैसे मोजत होती,
तिने मान वर केली नाही.
शेजारी एक स्क्रू बसवून पाहिला,
तो फिरत फिरत डोक्यासकट बुडाला.

ऑफिसला फोन केला.
बाई म्हणाल्या, लोखंड जनरलच्या घोड्याचंही असेल.
बाई म्हणाल्या, पाटी छापून झाली आहे.
बाई म्हणाल्या, खांब रोवा.

खांब रोवला.
पाटी चढवण्याआधी मांडीवर उलटी घेतली
आणि मागच्या कोऱ्या पत्र्यावर खिळ्याने कोरलं:
सेबेरियाना बेनीतेस, पुराचं साल, चरबीचा डबा.
अक्षर माझं वाईट. शेवटचा शब्द कडेला चेंगरला.

पुढची बाजू रस्त्याकडे, मागची झाडाकडे.
झाडाला वाचता येत नाही, एवढं मला कळतं.
पण ओंबू बुडाशी फुगत जातो,
दर साली बोटभर पुढे सरकतो,
आणि ज्याला टेकतो त्याला सोडत नाही.

संध्याकाळी रजिस्टरात नोंद केली:
पाटी एकतीस, खांब एक.
स्क्रू दिले चार. पाटीला लागले तीन.
एक झाडाने ठेवून घेतला.